एमएचमधील चूक आणि सैनिकाचा दावा

गेल्या महिन्यात एक निवृत्त हवालदार आपल्या धाकट्या भावाला घेऊन साताऱ्यातील माझ्या कार्यालयात आले. भाऊ अजून सेवेत असून रजेवर आला होता. लष्करी रुग्णालयात, म्हणजे आमच्याकडे ज्याला सगळे नुसते ‘एमएच’ म्हणतात तेथे, मनगटावर झालेल्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे वळेनाशी झाली होती. बोलत होते ते थोरलेच. ‘‘मॅडम, केस होत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, फक्त पेन्शनचं काय ते सांगा,’’ असे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. केस होत नाही हे कोणी सांगितले, असे विचारल्यावर त्यांनी माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक संदेश दाखवला. लष्करी डॉक्टरांच्या चुकीबद्दल सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे, असे त्यात स्वच्छ मराठीत लिहिले होते. निर्णय खरा होता आणि सर्वोच्च न्यायालयाचाच होता. परंतु ते न्यायालय अमेरिकेचे होते, आणि संदेश मराठीत आणताना कोणीतरी देशाचे नाव गाळले होते.

ज्या जिल्ह्यात गावोगाव फौजी आहेत, त्या जिल्ह्यात असा संदेश किती घरांत पोचला असेल, या विचाराने हे सविस्तर लिहीत आहे.

आधी तो अमेरिकी निर्णय समजून घेऊ. १९४६ साली तेथे केंद्र सरकारवर नुकसानभरपाईचे दावे लावण्याची मुभा देणारा कायदा झाला. त्यात युद्धकाळातील लढाऊ कारवायांचा अपवाद होता. शांततेच्या काळातील सैनिकाला वगळल्याचे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. तरीही ४ डिसेंबर १९५० रोजी तीन प्रकरणांचा एकत्रित निकाल देताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकाला हा कायदा वापरता येणार नाही. यालाच ‘फेरेस तत्त्व’ म्हणतात. फेरेस हा बराकीला लागलेल्या आगीत मरण पावलेला सैनिक होता, पण उरलेली दोन्ही प्रकरणे लष्करी डॉक्टरांच्या हातून झालेल्या चुकांची होती. त्यांतील एका सैनिकाच्या पोटावर लष्करी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली होती, आणि सुमारे आठ महिन्यांनी, तो सेवामुक्त झाल्यानंतर, दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्याच्या पोटातून ३० इंच लांब आणि १८ इंच रुंद टॉवेल निघाला. टॉवेल कोणाचा याबद्दल वाद होण्याचे कारण नव्हते, कारण त्यावर लष्कराच्या वैद्यकीय विभागाचा छाप होता. इतका बोलका पुरावा माझ्या वकिलीत मला अजून मिळालेला नाही, आणि तरीही त्या माणसाला न्यायालयातून काहीही मिळाले नाही.

हे तत्त्व तेथे आजही उभे आहे. त्याच न्यायालयातील काही न्यायाधीशांनी पुढे आपल्या भिन्नमतांत त्याच्यावर कडक टीका केली, परंतु बहुमताने ते कधी रद्द झाले नाही. रिचर्ड स्टेस्कल या विशेष दलातील सैनिकाच्या फुप्फुसाचा कर्करोग लष्करी रुग्णालयात न्यूमोनिया समजला गेला. त्याने केलेल्या पाठपुराव्यामुळे डिसेंबर २०१९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, एक वाट काढली. त्या वाटेने सैनिकाला दोन वर्षांच्या आत संरक्षण खात्याकडेच दावा दाखल करता येतो, १ लाख डॉलरपर्यंतची रक्कम खाते स्वतः देते आणि त्यावरची रक्कम अर्थखात्याकडून येते. न्यायालयाचे दार मात्र बंदच आहे. ज्याची चूक, त्यानेच चौकशी करायची आणि त्यानेच रक्कम ठरवायची, अशी ही व्यवस्था आहे. त्याच रुग्णालयात त्याच्या पत्नीवर चुकीचे उपचार झाले तर ती न्यायालयात जाऊ शकते, हे वाचून आमचे हवालदार काही वेळ गप्पच राहिले.

भारतात असे कोणतेही तत्त्व नाही. गंमत अशी की टॉवेलचे प्रकरण आपल्याकडेही घडले आहे, आणि ते महाराष्ट्रातील आहे. जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीवर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली, टॉवेल पोटात राहिला, आणि त्याच महिन्यात ती दगावली. तिच्या पतीने व मुलांनी लावलेल्या दाव्यात कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो हुकूमनामा फिरवला, आणि अखेर फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. घटनेपासून ३२ वर्षे उलटून गेली होती. पण त्या निकालात एक वाक्य असे आहे की ज्याच्या आधाराने आम्ही आजही उभे राहतो. रुग्णालय चालवणे हे सरकारचे कल्याणकारी काम आहे, ते सार्वभौम सत्तेचे काम नव्हे, आणि म्हणून तेथील नोकराच्या निष्काळजीपणाची जबाबदारी सरकारवर येते, असे न्यायालयाने म्हटले. सीमेवर तोफ डागण्याचा निर्णय आणि रुग्णाच्या पोटातील टॉवेल मोजण्याचे काम यांत फरक आहे, एवढे मान्य झाले की गणवेशातील रुग्णाचा मार्ग पुष्कळसा मोकळा होतो.

तो मार्ग प्रत्यक्षात कोठपर्यंत जातो हे २६ सप्टेंबर २०२३ च्या एका निकालाने दाखवले. अर्जदार हवाई दलातील कॉर्पोरल होता. त्याचे नाव निकालाच्या शीर्षकातच छापलेले आहे, तरी मी ते येथे लिहीत नाही. एचआयव्हीसंबंधीच्या २०१७ च्या कायद्यात अशा व्यक्तीची ओळख न्यायालयीन कामकाजात झाकून ठेवण्याची तरतूद आहे आणि त्याच निकालात न्यायालयांना तिची आठवणही करून देण्यात आली आहे. २००२ साली ऑपरेशन पराक्रमच्या काळात सीमेवर सैन्य जमवलेले असताना हा तरुण आजारी पडला, आणि १० जुलै रोजी सांबा येथील लष्करी रुग्णालयात त्याला एक युनिट रक्त चढवण्यात आले. तेथे परवानाधारक रक्तपेढी नव्हती. तात्पुरत्या व्यवस्थेत दुसऱ्या लष्करी रुग्णालयातून रक्त आणून ठेवले जात होते. २०१४ मध्ये तो पुन्हा आजारी पडला तेव्हा त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले. पुढे बसलेल्या वैद्यकीय मंडळाने, म्हणजे फौजेच्या भाषेत ‘बोर्डा’ने, ही लागण २००२ च्या त्या रक्तामुळे झाली असून ती सेवेमुळे उद्भवलेली आहे, असे स्वतःच्या हाताने लिहून दिले. २०१६ मध्ये तो सेवेतून बाहेर पडला.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याची तक्रार फेटाळली. निष्काळजीपणा झाला हे दाखवणारे तज्ज्ञाचे मत त्याने सादर केले नाही, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. येथे मला क्षणभर थांबावेसे वाटते. जवानाने तज्ज्ञ आणायचा कोठून? बाहेरच्या डॉक्टरला लष्करी रुग्णालयाच्या नोंदी पाहायला मिळत नाहीत, आणि आतला डॉक्टर आपल्याच खात्याविरुद्ध लिहून देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमकी हीच अडचण ओळखली. एखादी गोष्ट पूर्णपणे प्रतिवादीच्या ताब्यात असेल आणि काळजी घेतली असता सहसा न घडणारी इजा झाली असेल, तर घटना स्वतःच बोलते आणि खुलासा करण्याची जबाबदारी प्रतिवादीवर जाते, हे जुनेच तत्त्व न्यायालयाने लावले. कोणत्या डॉक्टरची चूक किती, हे निश्चित करता येत नसले तरी संस्था म्हणून हवाई दल आणि भूदल दोघेही जबाबदार आहेत, असे ठरले. बुडालेल्या कमाईपोटी ८६,७३,००० रुपये, मानसिक यातनांपोटी ५०,००,००० रुपये आणि पुढील देखभालीसाठी १८,००,००० रुपये, असे एकूण १,५४,७३,००० रुपये हवाई दलाने द्यावेत आणि त्यातील निम्मी रक्कम हवे तर भूदलाकडून मागून घ्यावी, असा आदेश झाला. शिवाय अपंगत्व पेन्शनची थकबाकी वेगळी.

हा शेवटचा शब्द, ‘वेगळी’, मी हवालदारांना दोनदा वाचून दाखवला. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फौजी कुटुंबांचा सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो. अपंगत्व पेन्शन ही कोणाच्या चुकीबद्दल मिळत नाही. इजा किंवा आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला, आणि अपंगत्व २० टक्के किंवा अधिक आहे, एवढे बोर्डाने मान्य केले की तिचा हक्क उभा राहतो. उलट नुकसानभरपाई मागताना कोणाची तरी चूक दाखवावी लागते. पेन्शन मिळाली म्हणून भरपाईचा हक्क जात नाही, आणि भरपाईचा दावा लावला म्हणून पेन्शन थांबत नाही.

पेन्शनचे दार म्हणजे सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. तेथे जाण्यापूर्वी खात्यांतर्गत अपील किंवा तक्रार करणे अपेक्षित असते. जवानासाठी लष्कर कायदा, १९५० च्या कलम २६ ची तरतूद आहे आणि अधिकाऱ्यांसाठी कलम २७ ची. पेन्शनच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल जवानाच्या बाजूने भक्कम उभे आहेत. २०१३ च्या निकालानुसार भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही तो सेवेत झाला असे धरायचे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर असते. २०१४ च्या निकालानुसार टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेली जाते, म्हणजे ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायची, त्यापुढे ७५ आणि मग १००. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून या पेन्शनच्या हक्काचे नवे नियम लागू झाले असल्याने, त्यानंतर बाहेर पडणाऱ्याने जुन्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नये.

न्यायाधिकरण सेवाविषयक बाबींसाठी आहे. डॉक्टरांच्या चुकीबद्दल पैशांची भरपाई मागायची तर ग्राहक आयोग, दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालयातील रिट याचिका, असे पर्याय राहतात. दिवाणी दाव्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि पुढे किती वर्षे जातील हे औरंगाबादच्या प्रकरणावरून दिसतेच. रिट याचिकेत वस्तुस्थितीबद्दल वाद असला की उच्च न्यायालय सहसा दुसरीकडे जायला सांगते. म्हणून बहुतेक वेळा मी ग्राहक आयोगाचा विचार आधी करते. तेथे सरकारी वकिलाचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: एमएचमधील उपचार मोफत आहेत, तेव्हा हा माणूस ग्राहकच नव्हे. त्याचे उत्तर १९९५ च्या एका सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. मालकाने नोकरीच्या अटींचा भाग म्हणून उपचारांचा खर्च उचललेला असेल तर ती सेवा मोफत ठरत नाही, असे त्यात म्हटले आहे. मध्य रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीवर रेल्वेच्या रुग्णालयात झालेल्या उपचारांच्या प्रकरणी २००७ मध्ये हेच तत्त्व लागू झाले. सैनिकाचे वैद्यकीय उपचार हे त्याच्या सेवेच्या अटींचाच भाग आहेत. ती मेहेरबानी नव्हे. निवृत्तांच्या ‘ईसीएचएस’ या आरोग्य योजनेत तर वर्गणीच कापलेली असते, त्यामुळे तेथे हा युक्तिवाद आणखी सोपा जातो.

डॉक्टरवर फौजदारी गुन्हा नोंदवा, असा आग्रह अनेक नातेवाईक धरतात. संताप समजण्यासारखा असला तरी मी सहसा ते टाळते. २००५ पासून न्यायालयांनी त्यासाठी अत्यंत ठळक निष्काळजीपणाची कसोटी ठेवली आहे, आणि त्या मार्गाने वळत नसलेल्या बोटांच्या उपचाराचा खर्च निघत नाही.

मुदतीबद्दल मात्र थोडे कठोरपणे लिहिले पाहिजे. ग्राहक आयोगापुढे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते. इजा उशिरा कळली तर मुदत कळल्यापासून मोजता येते, परंतु त्यालाही मर्यादा आहे. गोव्यातील सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेवर १९९३ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि आत राहिलेला गॉजचा कापड २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत निघाला. नऊ वर्षे दुखत असताना, आणि स्वतः वैद्यकीय क्षेत्रात असताना, तिने पहिल्या डॉक्टरकडे विचारणा केली नाही, म्हणून २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. मला तो निकाल पूर्णपणे पटत नाही, पण तो आहे, आणि ‘युनिटमध्ये सुटी मिळत नव्हती’ एवढ्या कारणावर वर्षे घालवणाऱ्या प्रत्येक जवानाने तो ध्यानात ठेवावा. युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत तैनात असलेल्या सैनिकाला १९२५ च्या सैनिक दावे कायद्याने मुदतीत सवलत मिळते. तिच्यासाठी आपण तशा तैनातीवर होतो याचा लेखी पुरावा जपून ठेवावा लागतो.

आणि सगळे अखेर कागदावरच येऊन थांबते. हवाई दलाच्या त्या कॉर्पोरलला स्वतःच्याच उपचारांची कागदपत्रे मिळवण्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली झगडावे लागले होते, आणि त्याचे प्रकरण उभे राहिले ते मुख्यतः बोर्डाने लिहिलेल्या निष्कर्षावर. जवानाच्या हाती बहुधा एक डिस्चार्ज स्लिप असते. शस्त्रक्रियेची टिपणे, भूलतज्ज्ञाची नोंद, संमतिपत्र, केसशीट हे सर्व रुग्णालयात राहते. त्यामुळे बदली होण्यापूर्वी, ओळखीचा क्लार्क तेथे असेपर्यंत, लेखी अर्ज करून प्रती मागाव्यात आणि न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. त्याचे उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते, आणि स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मागणाऱ्याला त्याच्याच खासगीपणाचे कारण दाखवून नकार देता येत नाही. बोर्डापुढे जाताना ‘काय झाले’ याबद्दलचे आपले म्हणणे लेखी देऊन त्याची पोच घ्यावी. बोर्डाच्या नमुन्यात ‘सेवेमुळे नाही’ असे लिहिले गेले की पुढची अनेक वर्षे ते एक वाक्य खोडण्यात जातात.

वकिलाचा खर्च हा खरा अडसर आहे, हे मी माझ्या व्यवसायाच्या हिताविरुद्ध जाऊन सांगते. १९८७ च्या कायद्याखाली अपंग व्यक्तीला, उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. महिलांनाही येतो, म्हणजे वीरपत्नी किंवा जवानाची आई अर्ज करू शकते. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली असून तिच्याद्वारे सैनिक कल्याण कार्यालयांतच विधी साहाय्य केंद्रे उघडायची आहेत. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन त्याबद्दल थेट विचारणा करावी. वर सांगितलेल्या हवाई दलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच अर्जदाराच्या मदतीला न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाने नेमलेला वकील, दिला होता.

त्या दिवशी आम्ही दावा वगैरे काही तयार केला नाही. बोटे न वळण्यामागे डॉक्टरची चूक आहे की शस्त्रक्रियेतील मान्य धोका, हे कागद पाहिल्याशिवाय मलाही सांगता येत नव्हते, आणि तसे मी दोघांना स्पष्ट सांगितले. फक्त दोन अर्ज लिहिले: एक रुग्णालयाच्या कमांडंटकडे नोंदींच्या प्रतींसाठी, आणि दुसरा, पहिल्याला उत्तर न आल्यास पाठवायचा, माहिती अधिकाराचा. इतका वेळ गप्प असलेल्या धाकट्याने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडले. ‘‘मॅडम, सही डाव्या हाताची चालेल का? बँकेतली आणि पे-बुकातली सही उजव्या हाताची आहे.’’ चालेल, असे मी म्हणाले, आणि तारखेच्या खाली तसा उल्लेखही करायला लावला: ‘शस्त्रक्रियेनंतर उजव्या हाताने लिहिता येत नसल्याने सही डाव्या हाताने केली आहे.’ थोरल्यांनी दोन्ही अर्जांच्या तीन तीन झेरॉक्स काढून आणल्या आणि रजा संपायला नऊ दिवस उरले आहेत, हे मला जाताना पुन्हा एकदा सांगितले.